धाव, टायर आणि ट्रॉली

आमच्या मळ्यातल्या घराच्या मागच्या भिंतीला एक लोखंडी धाव टेकवून ठेवलेली आहे. भंगारवाला वर्षातून दोनदा येतो आणि दरवेळी विचारतो, "काका, ही देता का?" मी नाही म्हणतो. पोराला वाटतं, म्हाताऱ्याला जुन्या वस्तूंचा सोस आहे. तसं काही नाही. मोटेचं चाक गेलं, पाभर गेली, जुनी कोळपी गेली, कशालाच मी आडवा आलो नाही. धाव तेवढी ठेवली. आमच्या घरातल्या चाकाचा सगळा हिशेब तिथून सुरू होतो, आणि त्या हिशेबात एक बाकी माझ्या नावावर आहे. ती आजवर कुणापुढं बोललो नाही.

ज्यांनी धाव पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवलेली असते ती धाव. तीच त्या चाकाचा टायर. चाक बाभळीचं. मधे तुंबा, तुंब्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बाकदार पुठ्ठे, आणि या सगळ्याला बाहेरून आवळून धरणारी धाव. चाकात खिळे फार नसत. सगळी मदार धावेच्या आवळण्यावर.

आमचं गाव निफाड तालुक्यात, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला. एका बाजूनं गोदावरी, दुसऱ्या बाजूनं कादवा. आता लोक तिथं दुर्बिणी घेऊन पक्षी बघायला येतात. आमच्या लहानपणी तिकडचा रस्ता म्हणजे काळ्या मातीची चाकोरी. पावसाळ्यात चाक आऱ्यापर्यंत रुतायचं.

धाव बसवायचा दिवस म्हणजे पोरांना जत्रा. मी सात-आठ वर्षांचा असेन. लोहारानं आधी चाकाचा घेर मोजायचा. दोरीनं नाही, एका लहान चकतीनं. ती चकती चाकावरून फिरवायची आणि किती फेरे झाले ते मोजायचे. मग धावेची पट्टी त्या मापापेक्षा थोडी कमी ठेवायची, टोकं भट्टीत तापवून जोडायची. किती कमी ठेवायची ते लोहाराच्या हाताला ठाऊक, कागदावर कुठं लिहिलेलं नाही. जास्त कमी ठेवली तर आवळताना आरे वाकतात, पुरेशी कमी ठेवली नाही तर धाव महिन्यात ढिली होते. मग गोवऱ्यांचं मोठं कडं रचायचं, त्यात धाव ठेवायची आणि पेटवायचं. लाल झाली की तिघा-चौघांनी लांब सांडशांनी उचलून चाकावर टाकायची. लाकूड भसकन पेटायचं, धूर डोळ्यात जायचा, घणाचे ठोके पडायचे, आणि लगेच घागरीनं पाणी. पाणी पडलं की लोखंड आक्रसायचं आणि सगळं चाक कर्रकर्र करत आत ओढलं जायचं. तो आवाज अजून कानात आहे. आजोबा म्हणायचे, "बोललं बघ चाक. आता निवांत."

आजोबांना आम्ही सगळे बाबा म्हणायचो. शाळा त्यांना माहीत नव्हती, पण लांबच्या गावाला गाडी जुंपायची असली की आदल्या संध्याकाळी त्यांची एक तपासणी असायची. वंगणाचं नळकांडं भरलंय का ते बघायचे. आखाच्या टोकाची खीळ हलवून बघायचे. मग हातात एक गुळगुळीत दगड घेऊन धावेवर ठिकठिकाणी हलकेच मारायचे आणि कान लावायचे. चाक खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर लाकूड सुकून धाव सैल पडलेली. मग गाडी नदीवर न्यायची, चाकं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची. लाकूड फुगलं की धाव परत घट्ट. उन्हाळ्यात कादवेच्या डोहाकाठी अशा चार-चार गाड्या पाण्यात उभ्या दिसायच्या. आणि बाबा गाडीत भरायचे किती? आठ-दहा पोती. अकरावं टाकलं तर म्हणायचे, "जनावराला बोलता येत नाही आणि चाकालाही."

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, वेगळ्या काळाचे. १९७२ च्या दुष्काळात आमची गाडी खडी वाहायला दुष्काळी कामावर होती. विहिरी आटलेल्या, नदीत पाणी नाही, म्हणजे चाकं भिजवायलाही पाणी नाही. खडीच्या रस्त्यावर धाव ढिली पडून दोनदा निसटली. त्याच कामावर दादांनी एकाची टायरगाडी पाहिली. तेच बैल, तशीच खडी, आणि खेप जवळजवळ दुप्पट. आवाज नाही, हिसका नाही. दादांच्या डोक्यातून ती गाडी गेली नाही. पुढं ऊस लावला, भाऊसाहेबनगरच्या कारखान्याला गाडीनं ऊस जाऊ लागला, आणि मी दहावी झालो त्या वर्षी, म्हणजे १९७६ ला, आमच्या दारात टायरगाडी आली. लोखंडी आख, आत बेअरिंग, बाहेर हाताच्या वितीएवढा रुंद टायर. टायरच्या अंगावर इंग्रजी अक्षरं होती. मी शिकलेला म्हणून दादांनी मला वाचायला सांगितलं. एडीव्ही. त्याचा अर्थ मला तेव्हा कुठं ठाऊक! जनावरानं ओढायच्या वाहनाचा टायर, असा तो अर्थ. कंपन्या बैलगाडीसाठी वेगळा टायर बनवतात हे ऐकून दादांना फार बरं वाटलं होतं.

हवेच्या टायरचा इतिहास मी पुढं वाचनालयातल्या पुस्तकांत वाचला, तेव्हा एक गोष्ट मजेशीर वाटली. तो टायर पहिल्यांदा मोटारीसाठी झालाच नव्हता. १८४५ साली रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटलंडच्या माणसानं हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं, ते घोडागाडीसाठी. रबर लावलेल्या कापडाची नळी आणि वरून कातडं. त्या काळात ते महाग पडलं आणि लोक विसरून गेले. चाळीसेक वर्षांनी बेलफास्टच्या जॉन डनलॉपनं पोराच्या तीनचाकी सायकलसाठी पुन्हा तेच केलं आणि १८८८ ला पेटंट घेतलं. पुढं कळलं की थॉमसन आधीच करून गेलाय, म्हणून डनलॉपचं पेटंट टिकलं नाही, नाव मात्र टिकलं. आणि हा डनलॉप होता कोण? जनावरांचा डॉक्टर! ढोराच्या डॉक्टरनं शोधलेली वस्तू शेवटी बैलाच्याच गाडीला आली, ती मधे निम्मं जग फिरून. ट्रॅक्टरलाही आधी लोखंडी दातेरी चाकंच होती, रबर चढलं ते १९३० नंतर, अमेरिकेत. आपल्या देशात डनलॉपचा कारखाना १९३६ ला बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंजला निघाला. आता तर आमच्या नाशिकला सातपूरमध्येच सिएटचे टायर बनतात.

टायरगाडी आली आणि सुताराचं, लोहाराचं आमच्या घरी येणं कमी झालं. सुगीला त्यांचं बलुतं एक-दोन वर्षं दिलं, मग तेही थांबलं. कुणी भांडलं नाही. लोहारदादा एकदा टायरकडं बघून इतकंच म्हणाला, "हे वाजवून कसं बघणार?"

त्याचं बोलणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

खरा प्रकार पुढं आहे. टायरगाडीला ओढायला जोर कमी लागतो, म्हणून बैलांना सुख झालं असेल असं तुम्हाला वाटेल. पहिले पंधरा दिवस झालं. सोळाव्या दिवशी दादांनी उसाच्या मोळ्या वाढवल्या. सगळ्यांनीच वाढवल्या. बाबांच्या लाकडी गाडीत टन नव्हता, टायरगाडीत दोन-अडीच टन ऊस दिसू लागला. सरकारचा नियमही त्याच चालीचा. केंद्रानं १९६५ ला ओढकामाच्या जनावरांसाठी नियम केले. त्यात मोठ्या बैलाच्या दोनचाकी गाडीला साध्या चाकावर ९०० किलो, हवेच्या टायरवर १३५० आणि बॉलबेअरिंग असेल तर १८०० किलो. हे एका बैलाचं, जोडी असली की दुप्पट. म्हणजे चाक सुधारलं की जेवढी मोकळीक मिळाली तेवढी सगळी वजनात घातली. थांबायचं कसं, उतारावर काय, यासाठी मागं काही ठेवलं नाही. लाकडी गाडी उतारावर आपोआप अडायची, रखडायची. टायरगाडी पळते. तिला ब्रेक नसतो, ब्रेक म्हणजे बैलांची मान. कारखान्याच्या अलीकडच्या उतारावर भरल्या गाडीनं बैलांना पुढं ढकललेलं मी पाहिलंय. बैल मागच्या पायांवर बसल्यासारखे घसरत होते. बंगळुरूच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारायचं आयुष्यभर मनावर घेतलं होतं. एवढ्या मोठ्या संस्थेतला माणूस बैलाच्या मानेवरच्या जुवाचा विचार करतो, याचं मला अप्रूप वाटलं. आमच्या गावात तो विचार कुणी केला नाही, आमच्या घरात तर नाहीच.

१९८८ ला कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. ट्रॅक्टर कंपनीचा, नवाकोरा, त्याला हार घातला, पेढे वाटले. ट्रॉलीचं तसं नसतं. ट्रॉली वर्कशॉपात बनवून घ्यायची. पत्रा किती जाड, चॅनल कुठलं, यावर घासाघीस करायची आणि सगळं ठरल्यावर शेवटी चाकाचा विषय निघतो, तोवर खिसा रिकामा झालेला असतो. मग कारागीर म्हणतो, "जुने टाकून देऊ?" आपण म्हणतो, "टाका." थोरल्याची उतरलेली कापडं धाकट्याला घालावीत तशी ट्रकची उतरलेली टायरं ट्रॉलीला. त्यावर एकदा रबर चढवलेलं असतं, कधी दोनदा. सगळ्या तालुक्यात हीच रीत होती. ट्रॅक्टरचा टायर झिजला तर माणसाला झोप लागत नाही, कारण नांगरट अडते. ट्रॉलीचा झिजला तर ती काही बोलत नाही, मागून येत राहते.

आमची ट्रॉली दोनचाकी. चार चाकांची असती तर गोष्ट थोडी वेगळी झाली असती. दोनचाकी ट्रॉलीचं निम्मंअधिक आयुष्य दोन टायरांवर आणि एका हुकावर. हळूहळू फाळके उंच केले, वरून फळ्या लावल्या. कांद्याचा हंगाम आला की लासलगावला किंवा पिंपळगावला जायचं. लासलगावचा बाजार १९४७ पासूनचा, आणि आमच्याकडं कांदा मोकळाच ट्रॉलीत भरून नेतात, लिलाव ट्रॉलीपाशीच होतो. लिलाव झाला की व्यापाऱ्याच्या खळ्यावर जायचं, भरल्या ट्रॉलीचा काटा, मग रिकाम्या ट्रॉलीचा काटा. एका खेपेचं डिझेल तेवढंच, हमालीचा घोळ तेवढाच, मग पंचवीस क्विंटलच्या जागी पस्तीस का नेऊ नये? हा विचार वाईट माणसाचा नाही. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या कुठल्याही माणसाचा आहे.

आता ती बाकी.

१९९४ चा एप्रिल. उन्हाळ कांदा निघालेला. आदल्या आठवड्यात ट्रॉली धुताना मला डाव्या टायरच्या बगलेला लिंबाएवढा फुगा दिसला. आतले दोरे तुटले की हवा रबराला बाहेर ढकलते, तो फुगा. पंक्चरवाल्याकडं नेलं. त्यानं टायर खोलला, आत हात घालून बघितलं आणि म्हणाला, "दादा, हा फेका." मी म्हणालो, "हंगाम संपेपर्यंत काही कर." त्यानं आतून गेटर टाकला. गेटर म्हणजे जुन्या टायरचा तुकडा, फाटलेल्या जागी आतल्या बाजूनं लावायचा, म्हणजे ट्यूब बाहेर येत नाही. सदऱ्याला ठिगळ लावतात तसं. त्यानं त्याचं काम नीट केलं आणि मला नीट सांगितलंही. "हळू चालवा, भरती कमी ठेवा." मी मान हलवली.

आमच्याकडं तेव्हा सालानं एक गडी होते. वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, मी त्यांना मामा म्हणायचो. गडी हा शब्द हिशेबाच्या वहीत, घरात मामाच. त्या दिवशी पस्तीसच्या वरच भरती होती. मामा सवयीनं वर कांद्यावर बसले, डोक्याला उपरणं गुंडाळून. मी ट्रॅक्टरवर. सकाळी दहाचं ऊन. घाई होती, लिलावात मागं नंबर लागला की उन्हात तिष्ठत बसावं लागतं. विंचूर ओलांडून लासलगावच्या रस्त्याला लागलो आणि मागं बार उडाल्यासारखा आवाज झाला. ट्रॅक्टर एका बाजूला ओढला गेला. मी वळून बघतो तर ट्रॉली डाव्या अंगावर कलती झालेली, फळी मोडलेली, अर्धा कांदा रस्त्यावर, आणि मामा कांद्याखाली.

चाळीस-पन्नास माणसं धावून आली. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी आपल्या गाड्या सोडून मामांना काढलं. जिवानिशी वाचले. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. नाशिकला दवाखान्यात नेलं, शस्त्रक्रिया झाली, सळई बसवली. दवाखान्याचा खर्च मी केला, साल चालू ठेवलं, लोक म्हणाले, चांगला मालक आहे. मामा पुन्हा चालले, पण पाय आखूड झाला. नंतर ते कांद्याच्या चाळीवर राखणीला बसायचे. २०११ ला वारले, आजारानं. मधल्या सतरा वर्षांत त्यांनी एकदाही मला बोल लावला नाही. कुणी विचारलं तर सांगायचे, "टायर फुटला. त्याला कोण काय करणार?"

मला त्या फुग्याची आठवडाभर आधीपासून माहिती होती हे त्यांना मी सांगितलं नाही. सांगायचं ठरवून चाळीवर दोनदा गेलो, तंबाखू मळून झाली, पावसापाण्याचं बोललो, परत आलो. नव्या टायरला तेव्हा जितके पैसे पडले असते त्याच्या कितीतरी पट दवाखान्यात गेले. पण हा हिशेब मांडला की मला माझीच चीड येते, कारण स्वस्त पडलं असतं तर चाललं असतं का?

त्यानंतर मी टायर शिकलो. शिकलो म्हणजे पंक्चरच्या दुकानात, ट्रकवाल्यांच्या शेजारी बसून. जे कळलं ते सांगतो, कारण अजूनही आमच्या भागात बऱ्याच ट्रॉल्या उतरलेल्या टायरांवरच चालतात.

पहिलं म्हणजे टायरवर लिहिलेलं वाचायचं. आमच्या ट्रॉलीला ९.००-१६ लागतो. नऊ इंच त्याची रुंदी आणि सोळा इंचाची रिम. त्याच्या पुढं प्लायचा आकडा. पूर्वी सुती कापडाचे जेवढे थर तेवढे प्लाय. आता नायलॉन आलं, तेवढे थर खरोखर नसतात, पण ताकद त्या हिशेबात सांगतात. आकडा मोठा तितका टायर जास्त हवा आणि जास्त वजन धरतो. इथं लोक फसतात. जास्त प्लायचा टायर आणतात आणि हवा जुन्याच अंदाजानं भरतात. वजन टायर धरत नाही, आतली हवा धरते. हवा कमी असली की टायरच्या बगला दर फेऱ्याला दबतात आणि सुटतात. लोखंडी तार हातानं चार वेळा इकडंतिकडं वाकवून बघा, गरम होते, तसंच. एप्रिलचं ऊन, तापलेलं डांबर, वरून पस्तीस क्विंटल, आणि आतून तापणाऱ्या बगला. माझा टायर गेटरच्या जागी फुटला हे खरं, पण हवाही त्या दिवशी मी मोजली नव्हती. पायानं लाथ मारून बघितली होती.

आणि नुसता टायर मोठा करूनही भागत नाही. जास्त हवा सोसायला रिम धड पाहिजे, ट्यूब त्याच मापाची पाहिजे. आमच्या एका भाऊबंदानं नवा जाड टायर गंजक्या रिमवर चढवला, रिम काठाला चिरली. नशीब, ट्रॉली रिकामी होती. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला रबर चढवलेला, असंही करायचं नाही. दोघांची उंची सारखी राहत नाही, वजन एकाच अंगावर पडतं. चाक बदललं की चार-पाच किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळायचे, हे तर मला एका सरदारजी ड्रायव्हरनं फुकटात शिकवलं.

ट्रॉलीच्या टायरची एक वेगळीच दुखणी असतात, ती ट्रकवाल्यांनाही ठाऊक नसतात. ट्रकचा टायर चालून मरतो. आमचा बसून मरतो. ट्रॉली वर्षातले चार महिने पळते आणि आठ महिने एकाच जागी उभी, त्यातही पुष्कळदा भरलेली, खत नाहीतर विटा घेऊन. वरून ऊन. नक्षी नव्यासारखी दिसते आणि बगलेला बारीक चिरा पडलेल्या असतात, उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशा. म्हणून नक्षी बघून फसायचं नाही. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात. समजा २३१६ असं असेल, तर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो बनला. एकदा दुकानदार मला 'नवा' म्हणून जो टायर दाखवत होता तो माझ्या नातवापेक्षा मोठा निघाला. मी आकडा वाचल्यावर दुकानदार चकित झाला, त्यालाही तो वाचता येत नव्हता. आता हंगाम संपला की आम्ही ट्रॉली रिकामी करून आखाखाली ओंडके लावतो, चाकं अधांतरी ठेवतो आणि टायरांवर गोणपाट टाकतो. येणारे-जाणारे हसतात. हसू देत.

आणि हो, लोहारदादा चुकला होता. टायर वाजवूनही बघता येतो. महामार्गावर ढाब्याशी ट्रक थांबला की क्लीनर उतरून हातातल्या टामीनं एकेका टायरवर ठोका मारत जातो. हवा भरलेला असला की टामी उसळते, मऊ पडला असला की धप्प वाजतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला बाबांचा गुळगुळीत दगड आठवला. मीही निघताना ठोकून बघतो. पण कानावर सगळं सोडत नाही, हवेचा गेज घेतलाय, तो ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीत असतो. माणूस मात्र भरल्या ट्रॉलीवर बसवायचा नाही, हे १९९४ पासून बंद. मजुरांना यायचं असलं तर रिक्षाचे पैसे देतो.

मागच्या वर्षी पोरानं ट्रॉलीला दोन्ही टायर नवे घातले. जुन्यापेक्षा जास्त प्लायचे, रिमा नव्या, बेअरिंग नवी, मागं लाल दिवे आणि चमकपट्ट्या. अंधारात बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉल्यांवर मोटरसायकलवाले आदळतात, ते आम्ही दर हंगामाला ऐकतो, म्हणून दिव्यांचा आग्रह माझा होता. पोरगा कामाला चांगला आहे, पैसा वाचवत बसला नाही. नटं आवळून झाली, हात पुसत पुसत तो म्हणाला, "आण्णा, आता चाळीस क्विंटल आरामात जातील."

मी काही बोललो नाही. घरात पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा उरला होता, मागच्या लग्नाच्या रंगकामातला. एका खेपेला अंदाजानं नाही, काट्यावर मोजून पंचवीस क्विंटल कांदा ट्रॉलीत भरवला, त्याची पातळी जिथं आली तिथं खूण केली, आणि रिकामी करून आल्यावर फाळक्याच्या आतल्या बाजूनं चारी अंगाला बोटभर जाडीची रेघ मारली. ट्रॉली भरणाऱ्या बाया हसल्या. एक म्हणाली, "आण्णा, हे काय, शाळेची फूटपट्टी का?" पोरगा चिडला. टायर एवढे भारी घेतले ते कशाला मग, म्हणाला. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याला मळ्यात चाळीपाशी बसवलं आणि त्या फुग्याची गोष्ट सांगितली. मामांनी त्याला लहानपणी खांद्यावर घेऊन यात्रेत फिरवलं होतं. तो बराच वेळ कांद्याची साल सोलत बसला. मग म्हणाला, "मामांना सांगायला पाहिजे होतं तुम्ही."

"हो," मी म्हणालो.

कांदे घासून घासून ती रेघ हंगामात पुसट होते. दसऱ्याला ट्रॅक्टर-ट्रॉली धुऊन पूजेला लावतात, त्या दिवशी मी डबा काढतो. यंदा गुडघ्यांमुळं मला ट्रॉलीत चढवेना. पोरानं ब्रश हातातून घेतला आणि आत उतरला. रेघ त्यानं जुन्या खुणेवरच मारली, हे मी खाली उभा राहून बघत होतो.